सांगणारी आणि काढणारी

मला नकाशा वाचता यायचा, आणि भराभर यायचा. सगळा घोळ त्या भराभरचा होता.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी नववीत होते तेव्हा पनवेल आणि उरण मिळून शाळांची एक नकाशावाचन स्पर्धा असायची आणि प्रत्येक शाळेतून एक जोडी जायची. जोडीत एक सांगणारी, एक काढणारी. सांगणारीच्या पुढ्यात तो मोठा सरकारी नकाशा, आमच्या भूगोलाच्या बाई त्याला टोपोशीट म्हणायच्या. काढणारीच्या पुढ्यात कोरा कागद. मधे फळा उभा केलेला, म्हणजे एकमेकींचं तोंडसुद्धा दिसत नाही. सांगणारीनं एका लाल ठिपक्यापासून दुसऱ्या लाल ठिपक्यापर्यंतची वाट तोंडानं सांगायची. चढ कुठे, उतार कुठे, विहीर कुठल्या हाताला, देऊळ, नदी, सगळं. आणि काढणारीनं ते ऐकून काढायचं. तिनं बोलायचं मात्र नाही. फक्त पेन्सिल बाकावर आपटायची. एकदा 'टक' म्हणजे कळलं, पुढे बोल. दोनदा 'टक टक' म्हणजे परत सांग.

मी सांगणारी होते. बाईंनीच निवडलं मला, कारण वर्गात नकाशाचा प्रश्न आला की बाईंचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर यायचं. खरं तर कुठलाही प्रश्न आला तरी यायचं. त्यामुळे वर्गात माझं काय झालं होतं, तेही सांगायला हवं.

आम्ही त्याच वर्षी डोंबिवलीहून खांदा कॉलनीत राहायला आलो होतो. बाबांना इकडे स्वस्तात मोठी जागा मिळाली म्हणून. रुंद रुंद रस्ते, त्यावर माणूस नाही, बिल्डिंगला नाव नाही, नुसता नंबर. आई खिडकीत उभी राहून म्हणायची, "तिकडे भिंतीला कान लावला की शेजारणीची फोडणी ऐकू यायची. इथे वारा ऐका." दिवसभर घरात बोलायला कोणी नाही, म्हणून मी सगळं साठवून शाळेत न्यायचे. शाळा जुन्या पनवेलमध्ये. वर्गात सगळ्यांची बालवाडीपासूनची बाकं ठरलेली, मी एकटीच नवीन. पहिल्यांदा ज्या मुलीशेजारी बसवलं, तिनं आठवड्यात बाईंना सांगितलं, "बाई, ही शिकवलेलं ऐकूच देत नाही." दुसरीनं तेवढेही दिवस काढले नाहीत. दिवाळीपर्यंत मी पुढच्या बाकावर एकटी होते, आणि आमचा मॉनिटर येता-जाता म्हणायचा, "आकाशवाणी मुंबई ब केंद्र."

काढणारी म्हणून बाईंनी वर्गातलीच एक मुलगी निवडली. ती खाडीकडच्या गावातली, आमच्या कॉलनीच्या मागे ते गाव. शेवटच्या बाकावर गावातल्या आणखी एका मुलीबरोबर बसायची. दोघी चालत यायच्या, चालत जायच्या, आपसांत बोलायच्या, बाकी कोणाशी फारसं नाही. पण तिच्या हातातली रेघ! फळ्यावर भारताचा नकाशा काढायचा झाला की बाई तिलाच हाक मारायच्या. काठेवाडचा तो वाकडा भाग आम्ही सगळे खाडाखोड करून काढायचो. ती खडू टेकवायची आणि उचलायची, मधे थांबायचीच नाही.

"स्पर्धेपर्यंत तुम्ही दोघी एका बाकावर," बाई म्हणाल्या. "सवय व्हायला हवी एकमेकींची. स्पर्धा झाली की आपापल्या जागी. पहिल्या आलात तर मात्र अलिबागला जायचंय जिल्ह्याला, म्हणजे परीक्षेपर्यंत अशाच बसा."

अलिबागचं मला काही नव्हतं. मी तेव्हा समुद्र पुष्कळ बघितलेला होता. माझ्या डोक्यात फक्त बाक होता. पहिल्या आलो तर ती परीक्षेपर्यंत माझ्याशेजारी. नाही आलो तर सोमवारपासून परत मी आणि माझं दप्तर. इतका साधा हिशेब, आणि तो मी कोणाला सांगितलाही नव्हता. म्हणजे बघा, न सांगितलेली अशी माझी ती एकच गोष्ट असेल.

ती दप्तर घेऊन पुढे आली, बसली. मी बोलायला लागले. डोंबिवली, आमची बिल्डिंग, टँकरचं पाणी, टोपोशीटमध्ये विहीर कशी निळी टिकली लावल्यासारखी दिसते, सगळं. मधली सुट्टी झाली, ती संपली. शेवटी तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि ती पहिलं वाक्य बोलली.

"तू स्वास कवा घेतंस गो?"

पहिली चाचणी बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर घेतली. मॉनिटर आणि त्याचा जोडीदार राखीव जोडी होते, तेही हजर. शाळेकडे टोपोशीट एकच होतं. आपल्या किनाऱ्याकडचे नकाशे असे सहज मिळत नाहीत, म्हणून ते कुठलं तरी दूरचं, घाटाच्याही पलीकडचं, घड्यांवर कापडी पट्ट्या चिकटवलेलं. मी सुरू केलं. गाव, कच्चा रस्ता, डावीकडे टेकडी, समोच्च रेषा जवळजवळ म्हणून चढ उभा, मग ओढा, मग देऊळ, मग वळण, मग नदी. मला सगळं समोर दिसत होतं ना! तोंड नुसतं त्याच्या मागे धावत होतं. पलीकडून टक टक येत होतं का? येत असेल. मला नाही ऐकू आलं.

बाईंनी कागद उचलला. चष्मा वर केला. मग माझ्याकडे धरला.

"देऊळ नदीत बुडवलंस."

खरंच. निळ्या रेघेच्या बरोब्बर मधे देवळाचं चिन्ह. विहीर टेकडीच्या टोकावर. रस्ता एका गावातून निघून परत त्याच गावात.

"देवाला जलसमाधी," मॉनिटर म्हणाला. "बाई, आमच्या जोडीचं बघा की."

त्यांचं नीट आलं होतं. फार सुंदर नाही, पण देव कोरडा होता. बाई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी परत बघते. तेव्हाही असंच झालं, तर हे दोघं जातील." आणि मग मला एकटीला, हळू आवाजात, "अगं, तुला दिसतंय ते तिला दिसत नाही. एवढं लक्षात ठेव ना."

टांग्याला पैसे होते, तरी मी त्या दिवशी तिच्याबरोबर चालत निघाले. तिच्या गावातली मैत्रीण मागून चालत होती. रेल्वेचा पूल आला. मग मैत्रीण म्हणाली, "काय गो, कॉलनीवाली झालीस ना तू आता? देव बुडवायला लागलीस."

"तू गप ऱ्हा," ती म्हणाली. मग मला, "तुजा तोंड हाय का पिठाची गिरन?"

मी म्हटलं, आपण रोज सराव करू, माझ्याकडे ये, रोज तीच वाट हळूहळू सांगते. तिनं मान हलवली. "काय उपेग नाय. तो नकाशा मना आता पाठ झालाय. मी तुजा ऐकनारच नाय, डोक्यातलाच काढीन. पंच काय तोच नकाशा देनार हायत?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंच्याही नसावं. आख्ख्या पनवेलमध्ये आम्हाला दुसरं टोपोशीट मिळणार नव्हतं, आणि जे होतं ते तोंडपाठ. मी विचारलं, मग काय करायचं? ती म्हणाली, "उद्या ये घरी. मिठागरावं जाऊ."

मिठागर म्हणजे तिच्या गावाच्या खाली, खाडीला लागून. तिच्या आजाच्या वेळेला तिथे मीठ पिकायचं. आता बंद पडलेलं. पण बांध तसेच होते. चौकोन चौकोन, मधे चिखलाचं पाणी आणि त्यांच्यातून जाणारे मातीचे अरुंद बांध, कुठे रुंद, कुठे पाऊलभर, कुठे खचलेले. वरून बघितलं तर वहीचं चौकटीचं पानच. मी हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग वाच."

तिनं ओढणी डोळ्यांवर बांधली, हातात कंपासपेटी घेतली आणि बांधावर उभी राहिली. "सांग. मी चालते. पेटी वाजवली का पुडं बोल."

मी सुरू केलं. सरळ जा, मग डावीकडे वळ, मग बांध बारीक आहे, मग उजव्या बाजूला एक खड्डा आहे पण तू डावीकडून...

धप्प! गुडघ्यापर्यंत चिखलात.

ती ओरडली नाही. ओढणी वर केली, पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हा खड्डा," ती म्हणाली. "मगाशी सांगितलास तो."

मला हसूही येत होतं आणि रडूही. तिनं पाय धुतला, परत उभी राहिली. परत धप्प. तिसऱ्यांदा मी "खड्डा" आधी म्हणाले आणि मग "थांब" म्हणाले, तोवर ती खड्ड्यात. गावाच्या बाजूनं तिचा आजा काठी टेकत आला होता, भरतीच्या पाण्यासाठी बांधाला लाकडी झडप असते तिथे बसला होता. तो तिकडून ओरडला, "पोरींनो, डोले मिटून चालतान कशाला? उघडे ठेवून पन मानसा पडतान!"

मग ती म्हणाली, "आता तू बांद."

ओढणी बांधली की एकदम काय होतं माहितीये? जग खूप मोठं होतं. मी ज्या बांधावर इतका वेळ उड्या मारत होते, तो पायाखाली दिसेनासा झाल्यावर दोरीएवढा वाटायला लागला. वारा डाव्या कानात. कुठेतरी बगळा उडाल्याचा आवाज. आणि ती काही बोलेचना. मी वाट बघत उभी.

"सरल," ती म्हणाली. फक्त तेवढं.

मी पाऊल टाकलं. आणखी एक. कंपासपेटीवर पेन्सिल मारली. टक.

"आता मऊ हाय."

खरंच मऊ लागलं. टक.

"बांद बारीक व्हईल. डावा पाय पुडं."

टक.

एका शब्दाला केवढी जागा लागते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती 'मऊ' म्हणाली की तो शब्द माझ्या पायापर्यंत पोचायचा, पाय खात्री करायचा, मगच मला दुसरा शब्द हवासा वाटायचा. त्याच्या आधी दुसरा आला असता तर मी तो ठेवला कुठे असता? मी तिला दिवसभर काय करत होते ते मला कळलं. हातात सामान असलेल्या माणसाच्या हातात आणखी पिशव्या कोंबत होते.

मी एकदाही पडले नाही. ती म्हणाली, "दिसलं?" आणि ओढणी परत मागितली.

त्या आठवड्यात आम्ही रोज गेलो. मी घरी जाऊन दप्तर टाकायचे, आई म्हणायची, "अगं काहीतरी खाऊन जा," आणि मी जिना उतरलेली असायचे. खायला तिकडेच मिळायचं. तिची आय तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे ठेवायची आणि मला बघून हसायची, कारण खातानाही मी बोलायचे आणि तिची मुलगी बाजूला बसून भाकरीच्या काठावर बोटानं टक टक करायची. परत सांग, कळलं नाही. घरातही आमचं तेच चाललेलं.

आणि एक जागा होती, ती सांगितलीच पाहिजे. मिठागराच्या अर्ध्यावर एक बांध फुटलेला होता. भरतीला तिथून खाडीचं पाणी आत यायचं, चांगलं कंबरभर. ओहोटी लागली की खालचे दगड उघडे पडायचे आणि मग त्यावरून पलीकडे जाता यायचं. पलीकडचे बांध जास्त वाकडेतिकडे, म्हणून सरावाला जास्त चांगले. त्यामुळे निघताना ती आजाला विचारायची, "आजा, पानी कवा उतरंल?" आजा कुठली तिथी चाललीये ते मनाशी जुळवायचा आणि सांगायचा. तरी कधी लवकर पोचायचोच. मग फुटलेल्या बांधाच्या अलीकडे बसून राहायचं. दुसरं काही करताच यायचं नाही. पाणी आपल्या वेळेनं उतरतं, त्याला काय सांगणार?

मला वाटतं त्या आठवड्यात सगळ्यात जास्त काही झालं असेल तर ते तिथे बसून. पहिल्या दिवशी मी बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी थोडी बोलले आणि मग ती बोलायला लागली. ती बोलायची तेव्हा मधे मोकळं सोडायची, आणि आधी मला वाटायचं संपलं, म्हणून मी घुसायचे. मग मला कळलं, संपलेलं नसतं. तिनं सांगितलं, आमची बिल्डिंग आहे तिथे त्यांचं खाचर होतं, भाताचं. मी म्हटलं, आमच्या बिल्डिंगखाली? ती म्हणाली, "बिल्डिंग नाय, टाकी हाय ना तुमची पान्याची, तितं. आमी तितं खेकडे धरायचो." मी घरी जाऊन गच्चीवरून त्या टाकीकडे बराच वेळ बघितलं. आईनं विचारलं, काय बघतेस? म्हटलं, काही नाही. आई चपापली. माझ्याकडून 'काही नाही' तिनं ऐकलेलं नव्हतं.

एका संध्याकाळी पाणी उतरायची वाट बघताना तिनंच विचारलं. "अलिबागला जायचाय तुला येवडा?"

मी म्हटलं, "नाही. पण पहिल्या आलो तर बाक राहील ना."

ती पाण्याकडे बघत होती. मला वाटलं सांगायला नको होतं. मग दगड दिसायला लागले आणि ती उठली.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी चाचणी घेतली तेव्हा मी डोळे मिटूनच सुरुवात केली. म्हणजे नकाशा बघून घेतला, एक गोष्ट सांगितली आणि डोळे मिटून टकची वाट बघितली. टक आली की पुढची. बाईंनी मुद्दाम नवी वाट दिली होती, त्याच नकाशाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातली. मॉनिटरनं कागद बघितला, देऊळ शोधलं, आणि म्हणाला, "काठावर आहे. वाचला देव." मग जरा वेळानं, "चांगलं झालंय." हे त्याच्या तोंडून.

स्पर्धा उरणला होती. बाई, ती आणि मी, सकाळच्या एसटीनं. जासईपर्यंत रस्त्याला नुसते कंटेनरचे ट्रेलर, आमची एसटी त्यांच्यामधून मुंगीसारखी. बाईंनी खिडकीशी बसून डब्यातले लाडू दिले. आम्ही खाल्ले नाहीत. बाईंनी मग स्वतःच खाल्ले.

नकाशा आला तो कधी न बघितलेला. पठारावरचा, समुद्राच्या कितीतरी आत. आधी सगळा एकदम दिसला, तपकिरी रेघा, पिवळी शेतं, आणि माझं तोंड उघडलंच होतं. फळ्याच्या पलीकडे ती होती. दिसत नव्हती. मी तोंड मिटलं, मग एकच गोष्ट सांगितली. "गाव. रस्ता पूर्वेला निघतो."

टक.

"उजव्या हाताला विहीर. रस्त्याला लागूनच."

टक.

बाजूच्या रांगांमध्ये मुलं नुसती धडाधड बोलत होती. मला त्यांचं ऐकू येत होतं आणि तरी येत नव्हतं. एकदाच टक टक आली, टेकडीच्या वळणाशी. मी परत सांगितलं, वेगळ्या शब्दांत. टक. नदी आली. पायवाट तिच्यातून सरळ पलीकडे जात होती, पूल नाही. मी ते सांगितलं. टक यायला जरा वेळ लागला, पण आली. घंटा व्हायच्या जरा आधी आम्ही दुसऱ्या लाल ठिपक्यावर होतो. इतक्या हळू जाऊनसुद्धा! माझा विश्वास बसेना.

मग तोंडी प्रश्न. जोडीतल्या दोघींना वेगवेगळं बोलवायचे, नुसतं ऐकून काढलंय की समजलंयही, ते बघायला. आधी ती गेली. ती दुसऱ्या दारानं बाहेर पडली, त्यामुळे आमची भेट झालीच नाही. मग मी. चष्मेवाले एक सर, गोड हसणारे. प्रमाण विचारलं, सांगितलं. चढ कुठला जास्त, सांगितलं. मग त्यांनी नदीवर बोट ठेवलं.

"इथे पूल नाही. तुम्ही नदी केव्हा ओलांडाल?"

मी एक क्षणही न थांबता म्हटलं, "ओहोटी लागली की, सर."

सरांचं बोट नदीवरच राहिलं.

"केव्हा?"

"ओहोटी... दगड उघडे पडले की..."

"बाळ," सर म्हणाले, "या नकाशात समुद्र दाखव बघू मला."

मी बघितलं. समुद्र कुठे असणार? नदीचं पात्र बहुतेक काळ्या रेघांनी काढलेलं, म्हणजे कोरडं, मधे एक निळा धागा. पावसाळा सोडला तर कधीही चालत जा, इतकं सोपं उत्तर होतं. बाईंनी काळ्या-निळ्याचं कितीदा सांगितलेलं.

बाहेर येऊन मी व्हरांड्यात उभी राहिले. ती पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी बाईंबरोबर होती. तिचं तर बरोबरच आलं असणार. ती विचार करून बोलते. इतकं सगळं नीट करून शेवटी माझ्याच तोंडानं घालवलं. आता सोमवारी ती दप्तर उचलेल. मी त्यांच्याकडे गेले, बाईंनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, झालं. एवढंच.

निकाल दुपारी. आम्ही सतरंजीवर बसलो. ती माझ्या शेजारी, पण सरळ समोर बघत. तेच चष्मेवाले सर बोलायला उठले. म्हणाले, नकाशा म्हणून बघितलं तर आजचा सगळ्यात सुंदर कागद एका मुलींच्या जोडीचा. विहीरसुद्धा योग्य हाताला. "पण तोंडी प्रश्नात," आणि इथे त्यांना हसू आवरेना, "पठारावरची नदी ओलांडायला या दोघी ओहोटीची वाट बघत बसणार आहेत. दोघीही! एकीला विचारलं, ओहोटी. वाटलं चुकून गेलं असेल. दुसरीला विचारलं, ओहोटी!"

सगळा हॉल हसला. आमच्या मागे उरणचीच मुलं बसलेली, त्यातला एक शेजाऱ्याला म्हणाला, "मंग चुकलं काय त्यात?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"तू पन?" ती म्हणाली.

आम्ही दुसऱ्या आलो. अलिबागला पहिली जोडी जाणार.

परतीच्या एसटीत बाईंनी आधी जरा गंभीर चेहरा ठेवला. जासई येईपर्यंत ठेवला. मग विचारलं, "ठरवून सांगितलंत का गं?"

"नाही बाई."

"मग दोघींना एकच कसं सुचलं?"

ती म्हणाली, "बाई, पुडं पानी होता ना."

बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की कंडक्टर मागे वळून बघायला लागला. उरलेले लाडू आम्ही तेव्हा खाल्ले. ती खिडकीशी, मी मधे, बाई कडेला. खाडी आली तेव्हा तिनं बाहेर बघितलं आणि मला कोपर मारलं. भरती होती.

सोमवारी मी शाळेत जरा उशिरानंच गेले, मुद्दाम. माझ्या बाकावर कोणी नव्हतं. मला माहीत होतं, बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं, तरी मी त्या बाकाकडे बघत दारात उभी राहिले. हजेरी सुरू व्हायची होती. मॉनिटरनं मला बघितलं आणि वाटेतला पाय आत घेतला.

मी दप्तर ठेवणार, इतक्यात मागून आवाज आला.

टक.

शेवटच्या बाकावर ती तिच्या जुन्या जागी बसलेली. हातात पेन्सिल. माझ्याकडे बघत नव्हती. शेजारच्या मैत्रिणीला म्हणत होती, "सरक गो जरा."

"तिघी कशा मावतील?" मैत्रीण कुरकुरली. "नि ती बोलंल सगला टाइम."

"बोलू दे की."

मैत्रीण भिंतीपर्यंत सरकली. मी दप्तर उचललं आणि मागे गेले, बसले. अर्धी बाकावर, अर्धी बाहेर. बाई हजेरीचं पुस्तक घेऊन आत आल्या, पुढच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं, मग मागे आम्हा तिघींकडे बघितलं आणि पहिला नंबर पुकारला.

मला सांगायचं इतकं होतं! पण मी जरा थांबले.

टक.